रस्त्यावर पडून राहिलेली गाडी: पुण्यात तक्रार कशी करावी, नोटीस आल्यास काय करावे आणि नोंद कशी रद्द करावी

नांदेडहून पुण्यात राहायला आलो, तेव्हा वडिलांची जुनी मोटारही सोबत आणली होती. सोसायटीत प्रत्येक सदनिकेला एकच जागा मिळत असल्यामुळे ती गाडी इमारतीबाहेरच्या गल्लीत, कुंपणाच्या भिंतीला लागून उभी राहिली. त्यानंतर वडील गेले आणि गाडीकडे कोणाचेच लक्ष उरले नाही. चौदा महिन्यांनी एका सकाळी ती जागेवर नव्हती. चोरीची तक्रार द्यायला निघालो असताना शेजारच्या काकांनी सांगितले की, काचेवर आठवडाभर नोटीस चिकटवलेली होती आणि आदल्या दिवशी क्रेन येऊन गाडी उचलून घेऊन गेली. पुढचे तीन महिने ती गाडी सोडवणे, वारसा हक्काने नावावर करून घेणे आणि शेवटी रीतसर मोडीत काढणे यात गेले. या काळात जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहे. तुमच्या दारासमोर कोणाची तरी भंगार गाडी पडून असेल, किंवा तुमचीच गाडी तशी पडून असेल, तर दोन्ही प्रसंगी हे टिपण उपयोगी पडेल अशी आशा आहे.

१. प्रथम तीन यंत्रणांमधील फरक समजून घ्यावा

नव्या माणसाचा सर्वाधिक वेळ चुकीच्या कार्यालयात जातो, म्हणून आरंभ येथूनच करतो.

पहिली यंत्रणा म्हणजे महानगरपालिका. रस्ता आणि पदपथ ही तिची जबाबदारी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २३० रस्त्यावर अडथळा होईल अशा वस्तू ठेवण्यास मनाई करते आणि कलम २३१ अशा वस्तू हटविण्याचा अधिकार आयुक्तांना देते. बंद पडलेली, चाके बसलेली, धुळीने माखलेली गाडी या तरतुदींखाली अतिक्रमण म्हणून हाताळली जाते. क्षेत्रीय कार्यालयातील अतिक्रमण विभागाचे कर्मचारी गाडीवर नोटीस चिकटवतात आणि मुदत संपल्यावर ती उचलतात.

दुसरी यंत्रणा म्हणजे वाहतूक पोलीस. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेली गाडी, किंवा उभी करण्यास मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी, ओढून नेण्याचा किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. जळालेली, मोडलेली किंवा अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीस धोकादायक जागी उभी असेल, तर ती तत्काळ हलविता येते. गाडी ओढून नेण्याचा खर्च मालकाला भरावा लागतो, आणि हा खर्च दंडाव्यतिरिक्त असतो, हेही याच कलमात स्पष्ट केलेले आहे.

तिसरी यंत्रणा म्हणजे प्रादेशिक परिवहन कार्यालय, अर्थात आरटीओ. हे कार्यालय रस्त्यावरची गाडी उचलत नाही. गाडीची नोंद, मालकीचा बदल आणि नोंदणी रद्द करणे ही त्याची कामे. शहराचे एमएच-१२ चे कार्यालय संगम पुलाजवळ आहे, तर पिंपरी-चिंचवडसाठी एमएच-१४ चे स्वतंत्र कार्यालय आहे.

गाडी रस्त्यावरून हटली म्हणजे प्रकरण मिटले, असे मला वाटत होते. तो समज चुकीचा होता. रस्त्यावरचा सांगाडा आणि आरटीओच्या नोंदीतील क्रमांक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सांगाडा गेला तरी क्रमांक जिवंत राहतो, आणि तो ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरची जबाबदारीही कायम राहते. पुढील सर्व पायऱ्या वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

२. आपला भाग कोणाच्या हद्दीत आहे ते तपासावे

पुणे म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या भागात अनेक स्थानिक संस्था आहेत. बाणेर आणि बालेवाडी पुणे महापालिकेत येतात, तर लगतचे वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. पुणे कॅम्प आणि खडकी येथे छावणी मंडळांचा कारभार आहे. हिंजवडीतील रस्त्याची तक्रार पुणे महापालिकेकडे केली, तर ती स्वीकारली जाण्याचे कारणच नाही. शिवाय तेथील पोलीस ठाणे २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये भोवतालची गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाल्यामुळे सीमेवरच्या भागांत जुने रहिवासीही गोंधळतात. मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावाने येते ते पाहावे. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारावे. हद्द ओळखण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला सापडला नाही.

पुणे महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत: सिंहगड रस्ता, कोथरूड-बावधन, धनकवडी-सहकारनगर, हडपसर-मुंढवा, औंध-बाणेर इत्यादी. तक्रार आपल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे पोहोचली पाहिजे. शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत दिलेला अर्जही अखेर तेथेच पाठविला जातो आणि मधले दिवस वाया जातात.

३. दुसऱ्याच्या पडीक गाडीची तक्रार करताना

तक्रार करण्यापूर्वी गाडी खरोखर बेवारस आहे का, याची खात्री करावी. एखादे कुटुंब महिनाभर गावी गेलेले असते, एखादा मनुष्य रुग्णालयात असतो, आणि गाडीवर धूळ साचते. चाकांत हवा नाही, काचा फुटलेल्या आहेत, खाली गवत उगवले आहे, आत कचरा टाकला जातो, क्रमांकाची पाटी निघालेली आहे, अशी एकाहून अधिक लक्षणे एकत्र दिसली तरच पुढे जावे. सोसायटीच्या गटात एकदा छायाचित्र टाकून विचारणा केल्यास अनेकदा मालक सापडतो आणि प्रकरण तेथेच मिटते. माझ्या स्वतःच्या नजरेस नोटीस वेळेत पडली नव्हती, त्यामुळे ही पायरी गाळू नये, असे मनापासून सांगतो.

तक्रारीसाठी पुढील गोष्टी जमवाव्यात:

- गाडीची दोन-तीन छायाचित्रे. त्यांपैकी एकात क्रमांकाची पाटी आणि एकात आसपासची ओळखीची खूण (दुकान, विजेचा खांब, इमारतीचे नाव) दिसावी.
- गाडीचा प्रकार, रंग आणि क्रमांक; पाटी नसल्यास तसे स्पष्ट लिहावे.
- नेमके ठिकाण आणि गाडी साधारण केव्हापासून उभी आहे ते.
- होणारा त्रास: पदपथ अडणे, वळणावर दृष्टी अडणे, पावसाचे पाणी साचणे.

पाणी साचण्याचा मुद्दा आवर्जून लिहावा. टायर, उघडे बॉनेट आणि फुटलेल्या छतातून साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांच्या उत्पत्तीचे ठिकाण असते. त्यामुळे पावसाळ्यात अशी तक्रार आरोग्य विभागाच्याही कक्षेत येते.

तक्रार महापालिकेच्या पीएमसी केअर या अ‍ॅपवर किंवा १८०० १०३० २२२ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. तक्रार क्रमांक मिळेल, तो जपून ठेवावा. गाडी वळणावर किंवा वाहत्या रस्त्यात असेल तर वाहतूक पोलिसांना कळवावे. क्रमांक खोडलेला असेल, कुलूप तोडलेले असेल किंवा गाडी चोरीची असल्याची शंका येत असेल, तर महापालिकेची वाट न पाहता पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर सांगावे आणि गाडीला हात लावू नये.

काही वेळा गाडी जागेवरच असताना तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येतो. अशा वेळी त्याच दिवशीचे नवे छायाचित्र जोडून जुन्या क्रमांकाचा उल्लेख करीत पुन्हा तक्रार करावी आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तरीही काही हालचाल झाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करून त्या तक्रारीवर कोणती कारवाई झाली हे विचारता येते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. हा अर्ज नम्र आणि एकाच मुद्द्यापुरता ठेवावा.

४. गाडी सोसायटीच्या आवारात असेल तर

येथे नियम बदलतात. वर सांगितलेले कलम १२७ सार्वजनिक ठिकाणाला, म्हणजे जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशा जागेला, लागू होते. कुंपणाच्या आतील गाडी उचलण्यास क्रेन येत नाही आणि येण्याची अपेक्षाही करू नये. समितीने गाडीच्या मालकाला, तो सभासद असो वा भाडेकरू, लेखी पत्र द्यावे, घरमालकाला त्याची प्रत द्यावी आणि वाहने उभी करण्याविषयीचा निर्णय उपविधींनुसार सर्वसाधारण सभेत नोंदवावा. मालक सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात गाडीच्या तपशिलासह लेखी कळवून पोच घ्यावी.

समितीने परस्पर भंगारवाल्याला बोलावून गाडी विकणे हा सर्वांत धोकादायक मार्ग आहे. गाडीवर कर्ज असू शकते, ती एखाद्या गुन्ह्यातील असू शकते, किंवा वारसांचा वाद न्यायालयात चालू असू शकतो. अशी विक्री करणाऱ्या पदाधिकाऱ्यांवर चोरीचा किंवा अपहाराचा आरोप होऊ शकतो. जागा लवकर मोकळी व्हावी, ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु ती गाडी सोसायटीच्या मालकीची नाही.

५. आपल्याच गाडीवर नोटीस लागली तर

नोटिशीचे छायाचित्र घ्यावे आणि तीवर लिहिलेली मुदत मोजावी. मुदतीच्या आत गाडी हलविणे हा एकच निश्चित उपाय आहे. ती चालत नसेल तर टोइंग व्हॅन बोलावून खासगी जागेत न्यावी. पुढच्या गल्लीत ढकलून ठेवण्याचा उपयोग होत नाही. तेथील रहिवासी पुन्हा तक्रार करतात. ‘आम्हाला नोटीस मिळाली नाही’ या युक्तिवादावर फार विसंबू नये, कारण कलम २३१ मध्ये पूर्वसूचनेशिवायही वस्तू हटविण्याचा अधिकार दिलेला आहे. माझ्या बाबतीत गाडीवर नांदेडचा एमएच-२६ क्रमांक होता आणि नोंदीत जुना पत्ता होता; त्यामुळे टपालाने काही पाठवले असते तरी ते माझ्यापर्यंत पोहोचले नसते. राहण्याचा पत्ता बदलल्यास तीस दिवसांच्या आत तो नोंदणी प्राधिकाऱ्याला कळविणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४९ नुसार बंधनकारक आहे. राज्यातल्या राज्यात गाव बदलल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागत नाही, पण पत्ता बदलावा लागतो, आणि बाहेरगावाहून पुण्यात आलेले आपण बहुतेक जण नेमके हेच विसरतो.

गाडी उचलली गेल्यावर ती कोणी नेली हे आधी शोधावे. वाहतूक विभाग आणि अतिक्रमण विभाग यांच्या ठेवण्याच्या जागा व पावत्या वेगळ्या असतात. सोडवताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र, विम्याची प्रत आणि मालक स्वतः येऊ शकत नसल्यास त्याचे अधिकारपत्र लागते. दंड गाडीच्या प्रकारानुसार बदलतो. दुचाकीला सर्वांत कमी आणि ट्रक-बससारख्या अवजड वाहनाला सर्वाधिक. पैसे भरण्यापूर्वी लागू असलेला दर विचारून घ्यावा आणि छापील पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. गाडी ताब्यात घेताना तिची छायाचित्रे काढावीत, बॅटरी आणि टायर जागेवर आहेत का ते पाहावे. फार काळ कोणी दावा केला नाही, तर अशा गाड्यांचा लिलाव होतो.

गाडी पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा असेल, तर मार्ग न्यायालयातून जातो. ताबा मागण्याचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे की, जप्त गाड्या पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही आणि योग्य बंधपत्र घेऊन त्या लवकर परत द्याव्यात. वकिलाला या निकालाची आठवण करून द्यावी.

६. ठेवावी की मोडीत काढावी, हे ठरवावे

पंधरा वर्षे झाली की गाडी बेकायदा होते, असे पुण्यात सर्रास सांगितले जाते आणि काही दलाल त्याच भीतीवर स्वस्तात गाड्या घेतात. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयीचे निर्बंध दिल्ली आणि राजधानी परिसराचे आहेत. ते पुण्याला लागू नाहीत. येथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते.

मात्र हे नूतनीकरण आता स्वस्त राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी १,००० रुपये आणि मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क झाले, तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील दुचाकीसाठी २,००० आणि मोटारीसाठी १०,००० रुपये केले. त्यात पर्यावरण कर, विमा आणि दुरुस्ती मिळवावी. वडिलांची आठवण म्हणून गाडी ठेवावी असे मलाही वाटत होते. परंतु ती उभी करायला स्वतःची झाकलेली जागा नव्हती, आणि रस्त्यावर कुजणारी गाडी जपली असे म्हणता येत नाही. आज त्या गाडीची चावी आणि पुढच्या बाजूचे कंपनीचे चिन्ह घरात आहेत.

७. रीतसर मोडीत काढण्याची पद्धत

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी नोंदणीकृत वाहन मोडतोड केंद्रातच द्यावी. परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप या संकेतस्थळावर अर्ज करता येतो आणि जवळची केंद्रे दिसतात. दोन-तीन केंद्रांकडून भाव मागवावेत. किंमत मुख्यतः वजनावर ठरते. बॅटरी, चाके किंवा धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) नसल्यास भाव उतरतो. गाडी घरून नेण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी विचारावे.

लागणारी कागदपत्रे:

- मूळ नोंदणी प्रमाणपत्र. हरवले असल्यास आधी पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रत काढावी.
- मालकाचे आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश.
- कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५.
- मालक मृत असल्यास मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि वारसाच्या नावे हस्तांतरणाचा नमुना ३१.

गाडी स्वीकारण्यापूर्वी मोडतोड केंद्र वाहन नोंदीत कर्जाचा बोजा, थकबाकी, गुन्ह्याची नोंद आणि काळी यादी तपासते. म्हणून ई-चलन आधीच पाहून घ्यावे. वारसा हक्काचे काम सर्वांत अधिक वेळ घेते. माझे सहा आठवडे त्यातच गेले, कारण बहिणीच्या संमतिपत्रातील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक होता. कागद देण्यापूर्वी सर्वांची नावे अक्षरशः ताडून पाहावीत.

गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी केंद्रात जमा केल्याचा दाखला, मिळते. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्रीय नियमांत ही सवलत खासगी गाडीसाठी २५ टक्क्यांपर्यंत आहे आणि राज्य सरकार त्या मर्यादेत आपला दर ठरवते. हे प्रमाणपत्र हस्तांतरणीय आहे, त्यामुळे स्वतः नवी गाडी घेणार नसलात तरी ते टाकून देऊ नये. प्रत्यक्ष मोडतोड झाल्यावर वेगळे मोडतोड प्रमाणपत्र मिळते. दोन्ही मागून घ्यावीत.

८. मंगळवार पेठेचा सोपा वाटणारा मार्ग

मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, किंवा कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात, गाडी रोख पैशात जाते आणि तासाभरात जागा मोकळी होते. त्या बाजाराशी माझे वैर नाही. जुने सुटे भाग मीही तेथून आणले आहेत. परंतु संपूर्ण गाडी कागदांशिवाय तेथे देऊ नये. वडिलांनी नांदेडला आपली दुचाकी अशीच एका भंगारवाल्याला तोंडी व्यवहाराने दिली होती. दोन वर्षांनी त्याच क्रमांकाची पाटी लावलेल्या कोणत्या तरी गाडीची चलने वडिलांच्या मोबाईलवर येऊ लागली आणि ती गाडी आपली नाही हे सिद्ध करण्यात त्यांचे शेवटचे वर्ष मनस्तापात गेले. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी प्रत्यक्षात विकून हातोहात पुढे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. चालती गाडी विकत असाल तरीही नमुना २९ आणि ३० भरून, नाव बदलल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार संपला असे समजू नये. राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायची असते.

९. नोंद रद्द झाल्याची खात्री

गाडी कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असली तरी तेथे धाव घेण्याची गरज नाही. तुम्ही जेथे राहता तेथील कार्यालयात कळवता येते आणि ते मूळ कार्यालयाला कळवते. मोडतोड प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्जाची पोच घ्यावी.

त्यानंतर महिनाभराने एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. नोंद अजूनही चालू दिसत असेल तर पोच घेऊन आरटीओत जावे. ती रद्द झालेली दिसली की विमा कंपनीला कळवून पॉलिसी बंद करावी, फास्टॅग बंद करून त्यातील शिल्लक परत मागावी आणि दोन्ही प्रमाणपत्रे, अर्जाची पोच व दंडाच्या पावत्या एकाच फाईलमध्ये ठेवून ती घरातील दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ठेवावी.